पाच लाखांचं ऑपरेशन मिळतं, मग बीपीची गोळी का नाही?

आयुष्मान वय वंदना कार्ड दाखवून औषधाच्या दुकानात बीपीच्या गोळ्या मिळत नाहीत. बहुतेकांना हे कार्ड काढून झाल्यावर कळतं, आणि मग पाच लाखांचं कवच नेमकं कशावर आहे असा प्रश्न पडतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी या कार्डामागच्या योजनेला मंजुरी दिली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत झाले. हे उपचार म्हणजे रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्या काळातली औषधं त्यात धरली आहेत. सोळाव्या दिवसाची गोळी आपल्या खिशातून. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही मुळात दाखल रुग्णांसाठीच आहे.

म्हातारपणीचा औषधखर्च मात्र बराचसा या सोळाव्या दिवसापासून पुढचाच असतो. तो सरकारने उचलावा का, आणि उचलायचा तर कसा, हे नीट समजून घ्यायचं तर आधी योजना अशी अर्धवट का थांबते ते पाहावं लागेल.

## शाकारणी आणि पंचनामा

कोकणातलं कौलारू घर दरवर्षी पावसाआधी शाकारतात. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली पुन्हा बसवायची. खर्च थोडा, पण न चुकता दरवर्षी. नाही केलं तर घर गळतं, वासे कुजतात आणि एखाद्या आषाढात भिंत बसते. मग तलाठी येतो, पंचनामा होतो, नुकसानभरपाई मिळते. शाकारणीला कुणी पैसे देत नाही.

आपल्या आरोग्य योजना पंचनाम्यासारख्या आहेत. त्यामागे कारणही आहे. विमा चालतो तो क्वचित येणाऱ्या मोठ्या खर्चावर. हजारात चार-पाच जणांची अँजिओप्लास्टी होणार असेल तर त्याचा हिशेब मांडता येतो, पॅकेज ठरवता येतं, रुग्णालयाकडून कागद मागवता येतात. दर महिन्याला ठरलेला दोनशे-पाचशेचा खर्च विम्यातून द्यायचा म्हटलं की बिल तपासण्याचाच खर्च औषधाच्या वर जातो. म्हणजे विमा वाईट नाही, या कामासाठी ते हत्यार चुकीचं आहे.

आणि शाकारणी टाळली की काय होतं? रक्तदाब आणि साखर दुखत नाहीत. त्यामुळे पैशांची ओढाताण झाली की याच गोळ्या आधी सुटतात. कुणी दिवसाआड घेतं, कुणी अर्धी करून. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असतं ती पोटात हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. अशी गोळी मोडली की बहुतेक वेळा औषध एकदम रक्तात उतरतं आणि उरलेला दिवस कोरडा जातो. काही वर्षांनी मूत्रपिंड थकतं किंवा पक्षाघात होतो. डायलिसिस मात्र योजनेत बसतं! दिवसाच्या चार रुपयांच्या गोळ्या न देणारं सरकार पुढे त्याच माणसाच्या डायलिसिसचे पैसे भरतं.

## गोळीवरचा आकडा ठरवतो कोण?

देशात औषधांचे दोन गट आहेत. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत असलेल्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. बाकीच्यांची किंमत कंपनी ठरवते, फक्त वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. हे काम राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण करतं, २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार.

कमाल किंमत काढायची रीत अशी: त्या औषधाच्या बाजारात किमान १ टक्का वाटा असलेले सगळे ब्रँड घ्यायचे, ते दुकानदाराला कितीला पडतात त्याची साधी सरासरी काढायची आणि त्यावर १६ टक्के दुकानदाराचा नफा चढवायचा. समजा एकच गोळी तीन कंपन्या दुकानदाराला ६, १० आणि १४ रुपयांना देतात. सरासरी १०, कमाल किंमत ११ रुपये ६० पैसे, वर जीएसटी. बनवायला किती खर्च येतो हा प्रश्न या हिशेबात कुठेच येत नाही. महाग ब्रँड सरासरी वर ओढतात आणि तिच्याबरोबर कमाल किंमतही वर जाते. शिवाय दरवर्षी एप्रिलमध्ये घाऊक महागाईच्या दराइतकी वाढ आपोआप मिळते. २०२३ मध्ये ती १२.१२ टक्के होती.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. छापील किंमत करासकट असते, म्हणून ११२ रुपयांची पट्टी १०५ ला मिळायला हवी. घट सव्वासहा टक्क्यांची. चांगलंच झालं, पण महिन्याला ६०० रुपयांच्या गोळ्या लागणाऱ्याचे जेमतेम ३७ रुपये वाचतात.

किमतीवर लगाम घालणं हीही मदतच. पण तिला मर्यादा आहे, कारण ज्याच्या हातात पैसेच नाहीत त्याला स्वस्त झालेली गोळीही महागच. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शन योजनेत ६० ते ७९ वयाला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. यातून आधी दूध घ्यायचं की गोळी?

## सरकार हे आधीपासून करतं, फक्त सगळ्यांसाठी नाही

'सरकारने रोजची औषधं देणं शक्यच नाही' असं म्हणणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याकडे पाहावं. केंद्रीय आरोग्य योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे, दवाखाने मुंबई, पुणे आणि नागपुरात आहेत. तिथे पेन्शनरला जुनाट आजाराची औषधं एका वेळी तीन महिन्यांपर्यंतची मिळू शकतात. जिथे दवाखाना नाही तिथल्या पात्र पेन्शनरला महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता असतो. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएसची पॉलिक्लिनिक आहेत आणि तिथेही औषधं दिली जातात. कारखान्यात काम करून निवृत्त झालेल्या राज्य विमा योजनेच्या, म्हणजे ईएसआयच्या, सभासदाला किमान पाच वर्षं विमाधारक राहिल्याची अट पूर्ण होत असेल तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. या शेवटच्या सवलतीची माहिती गिरणगावापासून चाकणपर्यंत फार थोड्यांना असते.

म्हणजे कल्पना नवी नाही. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाई, रिक्षावाले, छोटे दुकानदार एवढेच बाहेर राहिलेत, आणि संख्येने तेच जास्त आहेत.

## अमेरिकेला चाळीस वर्षं लागली

हाच घोळ अमेरिकेनेही घातला होता. १९६५ साली तिथे ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना आली. रुग्णालय आलं, डॉक्टर आला, घरी घ्यायच्या गोळ्या राहिल्या. त्या काळी गोळ्या फारशा नव्हत्याही. पुढे रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांची औषधं आली आणि खर्चाचं पारडं रुग्णालयाकडून कपाटातल्या डब्याकडे झुकलं. १९८८ साली औषधांचा समावेश करणारा कायदा झाला, पण त्याचा भार खुद्द ज्येष्ठांवरच जादा कर लावून टाकला होता. इतका संताप उसळला की पुढच्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला. अखेर २००३ साली कायदा झाला आणि १ जानेवारी २००६ पासून मेडिकेअरचा भाग डी, म्हणजे औषधांचा विमा, सुरू झाला.

त्यात दोन चुका होत्या. पहिली म्हणजे मधलं भोक. २००६ साली पहिले २५० डॉलर रुग्णाचे. त्यापुढे एकूण खर्च २,२५० डॉलर होईपर्यंत रुग्णाने पाव हिस्सा द्यायचा. तिथून ५,१०० डॉलरपर्यंत मदत शून्य, आणि त्यानंतर पुन्हा भरघोस. लोक याला डोनटचं भोक म्हणू लागले, आपण मेदूवड्याचं म्हणू. जास्त आजारी माणूस नेमका भोकात पडायचा आणि वर्षाच्या उत्तरार्धात गोळ्या सोडायचा.

दुसरी चूक मोठी. सरकारने कंपन्यांशी भावाची घासाघीस करू नये असं कायद्यातच लिहिलं होतं. गिऱ्हाईक सगळ्यात मोठं आणि त्यालाच भाव विचारायची बंदी! २०२२ च्या कायद्याने ती काही औषधांपुरती उठली. इन्सुलिनला महिना ३५ डॉलरची मर्यादा आली, २०२५ सालासाठी रुग्णाच्या खिशातून जाणाऱ्या रकमेला २,००० डॉलरची मर्यादा आली (२०२६ साली ती २,१०० झाली) आणि पहिल्या दहा औषधांचे ठरवलेले भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. त्यात सिटाग्लिप्टिन हे मधुमेहाचं औषध आहे. त्याच्या मूळ ब्रँडची महिन्याची यादीतली किंमत ५२७ डॉलर होती, घासाघिशीनंतर ११३ झाली.

भारतात याच औषधाचं पेटंट जुलै २०२२ मध्ये संपलं. दोन महिन्यांत सरकारच्या स्वस्त औषधांच्या जनऔषधी केंद्रांत १०० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या १०० रुपयांना मिळू लागल्या, म्हणजे महिना ३०० रुपये. अमेरिकेने वाटाघाटी करून जो भाव मिळवला त्यापेक्षा आपला बाजारभाव कित्येक पटींनी कमी आहे. ज्येष्ठांना औषध देणं अमेरिकेला जड जातं त्याचं कारण आपल्याकडे लागूच होत नाही.

## बिल द्यायचं की गोळी?

मदत रोख देता येते, बिलाची परतफेड करता येते किंवा थेट गोळी हातात देता येते. माझं मत तिसऱ्याच्या बाजूने आहे. रोख रक्कम घरखर्चात विरघळते. परतफेडीत महाग ब्रँड लिहिण्याला आपोआप उत्तेजन मिळतं आणि बनावट बिलांची वाट मोकळी होते. गोळी देताना मात्र सरकार घाऊक गिऱ्हाईक असतं, आणि घाऊक गिऱ्हाइकाला मिळणारा भाव किरकोळ दुकानातल्या भावापेक्षा कितीतरी कमी असतो.

तमिळनाडूने १९९४ साली यासाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. ते औषधाच्या मूळ नावाने निविदा काढतं, माल जिल्ह्यांतल्या गोदामांत उतरवतं, तिथून नमुने प्रयोगशाळेत जातात आणि तपासणीत पास झाल्यावरच वाटप सुरू होतं. प्रत्येक दवाखान्याला पासबुक असतं. वर्षाच्या निधीचा मोठा भाग त्यात जमा असतो आणि माल उचलला की तेवढी रक्कम वजा होते. त्यामुळे कोणत्या दवाखान्यात काय खपतं हे गोदामाला कळतं. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना याच धर्तीवर चालवली. तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ पासून आणखी एक पाऊल टाकून रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या घरपोच द्यायला सुरुवात केली.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाचं अम्लोडिपिन किंवा मधुमेहाचं मेटफॉर्मिन फुकटच मिळायला हवं. मिळतं तेव्हा मिळतं. अडचण साठ्याची आहे. २०१७ पासून खरेदी हाफकिनच्या औषध महामंडळाकडे होती, ती विलंबासाठी बदनाम झाली आणि २०२३ च्या कायद्याने स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. साठा संपतो तो सहसा पैशांअभावी नाही. मागणी उशिरा जाते, निविदेला पुरेसे बोलीदार येत नाहीत, मागची बिलं थकल्याने पुरवठादार माल रोखतो. रुग्णाला यातलं काही कळत नाही. त्याच्या हातात 'बाहेरून घ्या' अशी चिठ्ठी पडते. दोनदा असं झालं की तिसऱ्या महिन्यात तो येतच नाही, आणि 'मागणी कमी आहे' म्हणून पुढच्या वर्षीची मागणीही कमी नोंदली जाते.

## 'एवढा पैसा आणायचा कुठून?'

हिशेब मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६० वर्षांवरचे सुमारे १ कोटी ११ लाख होते, आज त्याहून बरेच जास्त आहेत. समजा त्यातल्या ६० लाखांना नियमित गोळ्या लागतात आणि घाऊक भावाने त्या महिना १५० रुपयांत बसतात. महिन्याला ९० कोटी, वर्षाला १,०८० कोटी. इन्सुलिन, वाहतूक, गोदामं, तपासण्या धरून दुप्पट करा. तरी आकडा दोन-सव्वादोन हजार कोटींचा. तुलनेसाठी, लाडकी बहीण योजनेसाठी २०२४ साली वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद जाहीर झाली होती. यात माझी गृहीतकं आहेत आणि कुणी ती बदलावीत, पण आकड्याची जात बदलणार नाही.

## 'श्रीमंत म्हाताऱ्यांना कशाला?'

श्रीमंत माणूस सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहून साधी पट्टी घेत नाही, ही पहिली गंमत. तो आपल्या डॉक्टरचा ब्रँडच घेतो. रांग हीच चाळणी. दुसरं असं की उत्पन्नाचा दाखला मागितला की तहसील कार्यालयाच्या चकरा सुरू होतात, आणि त्यात गळतात ते चालता न येणारे, कागद नसलेले, एकटे राहणारे.

## 'फुकट दिलं की उधळपट्टी होते'

सर्दीच्या गोळ्यांबद्दल हे खरं असेल. रक्तदाबाची गोळी कुणी हौसेने दोनदा खात नाही. अमेरिकेत सत्तर-ऐंशीच्या दशकांत रँड या संस्थेने मोठा प्रयोग केला होता: काहींना उपचार पूर्ण मोफत, काहींना काही हिस्सा भरायला लावला. पैसे भरावे लागणाऱ्यांनी वापर कमी केला, पण गरजेचा आणि बिनगरजेचा जवळपास सारखाच. त्या प्रयोगात ज्येष्ठ नव्हते, हे लक्षात ठेवलं तरी मुद्दा उरतो. खिशाला चिमटा बसला की माणूस कमी घेतो, शहाणपणाने घेतोच असं नाही.

खरी गळती दवाखान्याच्या मागच्या दाराने होते. त्यावर उपाय म्हणजे पट्टीवर 'विक्रीसाठी नाही' हा शिक्का, रुग्णाच्या पुस्तिकेत नोंद आणि एका वेळी ३० दिवसांचीच औषधं.

## 'मुलांनी बघावं की!'

तसा कायदाही आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येत वैद्यकीय उपचार येतात आणि उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पण गोळ्यांसाठी पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करणारे आई-वडील किती सापडतील? आणि पोरगा स्वतःच महिना बारा हजारांवर राबत असेल तर न्यायाधिकरण काय काढून देणार?

## 'सरकारी गोळीचा गुण येत नाही'

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या अँटिबायोटिक गोळ्या बनावट निघाल्याचं प्रकरण नागपूर जिल्ह्यात उघडकीला आलं होतं. म्हणून बॅचची तपासणी वाटपाआधी आणि पुरवठादाराने न निवडलेल्या प्रयोगशाळेत व्हायला हवी. तिथे काटकसर केली तर बाकी सगळं व्यर्थ.

पण 'जेनेरिक म्हणजे कमअस्सल' हा समज वेगळा. जेनेरिक म्हणजे पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांनी बनवलेलं तेच औषध. त्या अर्थाने आपल्या कपाटातले बहुतेक नामांकित ब्रँडही जेनेरिकच आहेत, त्यांना नाव आणि प्रतिनिधी लाभले एवढंच. काही औषधांत मात्र खरंच जपावं लागतं, कारण त्यांची मात्रा थोडी इकडेतिकडे झाली तरी परिणाम बदलतो: थायरॉईडचं लेव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, फिटचं फेनिटॉइन, हृदयाचं डिगॉक्सिन. यांत दर महिन्याला कंपनी बदलू नये.

## तोवर स्वतःच्या चिठ्ठीचं काय करायचं

पट्टीच्या मागे ब्रँडसोबत औषधाचं मूळ नावही छापलेलं असतं. ते, त्यापुढचे मिलिग्रॅम आणि एसआर-ईआर अशी अक्षरं जशीच्या तशी कागदावर उतरवा. 'जनऔषधी सुगम' ॲपमध्ये ते नाव टाकलं की किंमत आणि जवळचं केंद्र दिसतं. फोन करून माल आहे का विचारूनच निघा.

दुकानदाराने चिठ्ठीतल्या ब्रँडऐवजी दुसरा ब्रँड देऊ नये असा नियम आहे, १९४५ च्या औषध नियमांतला. म्हणून 'तेच पण स्वस्त द्या' म्हटलं तर तो नकार देतो त्यात नेहमी लबाडी नसते. उपाय डॉक्टरकडे आहे. मूळ नावाने चिठ्ठी लिहून मागा. ती सक्तीची करणारे नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढले आणि त्याच महिन्यात स्थगित केले, त्यामुळे विनंतीच करावी लागते. दोन-तीन औषधांची एकत्र गोळी असेल तर ती केंद्रात मिळेलच असं नाही. सुट्या लिहून देता येतील का, तेही त्याच वेळी विचारा.

'८० टक्के सूट' असे फलक लावलेल्या दुकानांत सूट मोजू नका, दहा गोळ्यांचे शेवटी किती दिले ते मोजा. काही औषधांवर छापील किंमतच फुगवलेली असते.

गोळी बदलल्यावर पहिले दोन-तीन आठवडे रक्तदाब लिहून ठेवा, साखर तपासा. लेव्होथायरॉक्सिन बदललं असेल तर सहा आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करा. आणि साठाहून मोठ्या, आरोग्य विमा नसलेल्या व्यक्तीच्या औषधखर्चावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, ती फक्त रोखीने न भरलेल्या बिलांवर. यूपीआयने भरा आणि बिल रुग्णाच्या नावाने घ्या.